मीटर कोणाच्या हाती? : उबरचा जागतिक विस्तार आणि पुण्याचे रस्ते

रिक्षाचा मीटर आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की ती एक सार्वजनिक संस्था आहे, हे आपल्या ध्यानातच येत नाही. भाव सरकारी प्राधिकरण ठरवते. तो छापील तक्त्यावर येतो, मग यंत्रात बसवला जातो. यंत्र तपासून त्याला सील लावले जाते आणि चालक व प्रवासी या दोघांनाही दिसेल अशा जागी ते बसवले जाते. घर, डॉक्टरची फी, शिकवणीवर्ग अशा शहरातल्या कितीतरी व्यवहारांत भावाची इतकी उघड मांडणी आढळत नाही. मीटर बिघडलेला असतो, ‘फास्ट’ केलेला असतो, चालक तो टाकायलाच नकार देतो, हे सगळे खरे आहे. पण या तक्रारी करता येतात त्याही मीटर आहे म्हणूनच. माप ठरलेले असते तेव्हाच ‘मापात पाप’ म्हणता येते.

उबर या कंपनीने २०१० पासून जगभर जो विस्तार केला, त्याचे वर्णन बहुधा तंत्रज्ञानाची झेप असे केले जाते. विरोधक त्याला भांडवलाची मुजोरी म्हणतात. दोन्ही वर्णनांत तथ्य आहे, पण दोन्ही जरा दुरूनच केलेली आहेत. पुण्याच्या रस्त्यावर उभे राहून पाहिले तर या विस्ताराचा गाभा वेगळा दिसतो. भाव ठरवण्याचे यंत्र सार्वजनिक हातातून निघून खासगी हातात गेले, आणि जाताना ते झाकले गेले. हे कसे घडले, त्याला आपली संमती कशी मिळाली आणि त्यावरचा एक उपाय महाराष्ट्राच्याच कपाटात कसा पडून आहे, हे या लेखात मांडायचे आहे. त्यासाठी मी मुख्यतः तीन प्रकारचे कागद वाचले: परिवहन प्राधिकरणाचे दरनिर्णय, देशोदेशींचे न्यायालयीन निकाल आणि शेअर बाजारात उतरताना उबरने अमेरिकेत सादर केलेले २०१९ चे माहितीपत्रक.

मीटरमागचा हिशेब

पुण्यात रिक्षा आणि टॅक्सीचे भाडे प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवते. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. हे भाडे कोणाच्या मर्जीने ठरू नये म्हणून राज्य सरकारने २०१२ साली निवृत्त सनदी अधिकारी पी. एम. ए. हकीम यांची एकसदस्य समिती नेमली. वाहनाची किंमत, इंधन, देखभाल, विमा, कर आणि चालकाच्या उदरनिर्वाहाचा खर्च यांची सांगड घालणारे सूत्र या समितीने दिले. पुढे २०१६ साली बी. सी. खटुआ यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशी २०२० साली स्वीकारल्या गेल्या. सूत्र सदोष असू शकते. रिक्षा संघटना म्हणतात ते कमी देते, ग्राहक संघटना म्हणतात ते जास्त देते. पण वाद घालायला दोघांच्याही हातात तोच कागद असतो. चालकाला घर चालवावे लागते ही गोष्ट त्या कागदावर एक खर्च म्हणून नोंदलेली आहे, हेही महत्त्वाचे.

पुण्यात १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेला रिक्षाचा दर पाहा. पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये. म्हणजे दहा किलोमीटरचे भाडे सुमारे १७० रुपये. शाळकरी मुलालाही हे गणित करता येते. मध्यरात्रीनंतर जादा दर असतो, तोही तक्त्यावर छापलेला. गरज वाढली की भाव वाढवण्याची कल्पना काही ॲपने शोधलेली नाही. रात्री बारानंतरचा दर हा ‘सर्ज’च आहे. फरक इतकाच की तो आधी जाहीर झालेला असतो आणि माझ्यासाठी, तुमच्यासाठी, सगळ्यांसाठी एकच असतो.

ॲपवरचे भाडे यात बसत नाही. एकाच जागेवरून, एकाच वेळी, एकाच ठिकाणी जाणाऱ्या दोन माणसांना आपापल्या मोबाइलवर वेगवेगळे आकडे दिसल्याचा अनुभव पुणेकरांना नवा नाही. आकडा कसा आला, हे प्रवाशाला सांगता येत नाही आणि चालकालाही सांगता येत नाही. परिवहन कार्यालयालाही ते सूत्र माहीत नसते. दोघांच्या मधोमध ठेवलेले यंत्र आता दोघांपासूनही दूर आहे.

नावातून ‘कॅब’ का गेली?

कंपनीची स्थापना २००९ साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘उबरकॅब’ या नावाने झाली. गॅरेट कॅम्प आणि ट्रॅव्हिस कलॅनिक हे तिचे संस्थापक. २०१० साली सेवा सुरू होताच तेथील वाहतूक प्रशासनाने परवान्याविना टॅक्सीचा धंदा चालवल्याबद्दल तो थांबवण्याची नोटीस दिली. कंपनीने गाड्या थांबवल्या नाहीत, नावातून ‘कॅब’ काढून टाकले. मला हा प्रसंग पुढच्या सगळ्या विस्ताराची किल्ली वाटतो. आपण टॅक्सीवाले नाही, आपण प्रवासी आणि चालक यांची गाठ घालून देणारी तंत्रज्ञान कंपनी आहोत, असा पवित्रा घेतला की टॅक्सीचा परवाना, टॅक्सीचा दर आणि टॅक्सीचा मीटर हे तिन्ही विषय आपोआप गैरलागू ठरतात.

हा पवित्रा घेऊन कंपनी २०११ साली पॅरिसला गेली, २०१३ साली बंगळुरूत आली आणि २०१४ साली पुण्यात पोचली. प्रत्येक शहरात पद्धत साधारण सारखीच होती: आधी गाड्या धावू द्यायच्या, प्रवाशांना सवय लावायची आणि परवान्याचा प्रश्न नंतर न्यायालयात लढवायचा. ती कशी राबवली गेली याचे पुरावे जुलै २०२२ मध्ये बाहेर आलेल्या ‘उबर फाइल्स’मध्ये आहेत. २०१३ ते २०१७ या काळातले १,२४,००० हून अधिक कागद त्यात होते. कार्यालयावर छापा पडला की तिथल्या संगणकांचा मुख्य यंत्रणेशी असलेला संबंध तोडून टाकण्याची ‘किल स्विच’ नावाची सोय कंपनीने केली होती आणि ती वापरल्या गेलेल्या देशांत भारताचेही नाव होते. कागद फोडणारे मार्क मॅकगॅन हे कंपनीचेच युरोपातील बडे अधिकारी होते, हे विसरू नये. हे कागद आपल्या जुन्या कारभाराचे आहेत, तो काळ आता मागे पडला, असे कंपनीचे म्हणणे.

तंत्रज्ञान कंपनी की वाहतूक कंपनी, या प्रश्नाचे उत्तर युरोपीय न्यायालयाने २० डिसेंबर २०१७ रोजी दिले. बार्सिलोनाच्या टॅक्सीचालकांच्या संघटनेने लावून धरलेल्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की ही वाहतूक सेवाच आहे आणि सदस्य देश तिचे नियमन करू शकतात. सॅन फ्रान्सिस्कोत नावातून गेलेली ‘कॅब’ सात वर्षांनी लक्झेंबर्गच्या निकालपत्रातून परत आली.

विस्ताराच्या कहाणीत माघारीचे प्रसंगही आहेत आणि ते अधिक बोलके आहेत. ऑगस्ट २०१६ मध्ये उबरने आपला चीनमधला धंदा दीदी या कंपनीला देऊन टाकला. रशियात यांडेक्सशी हातमिळवणी केली. मार्च २०१८ मध्ये आग्नेय आशियातला कारभार ग्रॅबच्या हवाली केला. प्रत्येक वेळी बदल्यात प्रतिस्पर्ध्याचे भागभांडवल घेतले. म्हणजे हरलेल्या बाजारातही कंपनीची मालकी उरतेच. त्यातच सॉफ्टबँक ही जपानी गुंतवणूकदार कंपनी २०१४ साली ओलामध्ये आली होती, ती जानेवारी २०१८ मध्ये उबरमध्येही मोठी भागधारक झाली. पुण्यात उभा राहून ‘ओला महाग दाखवतेय, उबर बघू’ म्हणणाऱ्या प्रवाशाला वाटते आपण दोन दुकानांत भाव करतो आहोत. दोन्ही दुकानांत पैसा घालणारा सावकार काही काळ एकच होता.

माहितीपत्रकाचे वाचन

उबर मे २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली. त्यापूर्वी सादर केलेले माहितीपत्रक हा माझ्या मते कंपनीचा सर्वांत प्रामाणिक ग्रंथ आहे. जाहिरातीत काहीही म्हणता येते. माहितीपत्रकात खोटे लिहिले तर गुंतवणूकदार कोर्टात खेचतात.

त्यातल्या तीन गोष्टी पाहू. पहिली, बाजारपेठेचा अंदाज. कंपनीने आपली संभाव्य बाजारपेठ १७५ देशांत वर्षाला ११.९ लाख कोटी मैलांच्या प्रवासाची, म्हणजे ५.७ लाख कोटी डॉलरची असल्याचे सांगितले. हा आकडा आला कुठून? खासगी वाहनांचा सगळा प्रवास आणि त्याच्या जोडीला सगळी सार्वजनिक वाहतूक, असा तो हिशेब आहे. म्हणजे स्वारगेटहून हडपसरला पीएमपीच्या बसने जाणारी बाईदेखील या तर्काने कंपनीच्या हाती अजून न लागलेली गिऱ्हाईक आहे. रिक्षावाल्यांशी स्पर्धा हा विस्ताराचा एक टप्पा होता. कागदावरची महत्त्वाकांक्षा बसथांब्यापर्यंत जाते.

दुसरी गोष्ट, चालकाचे स्थान. जाहिरातीत तो ‘ड्रायव्हर पार्टनर’ असतो. माहितीपत्रकाच्या हिशेबात मात्र तो ग्राहक आहे. तो ॲपची सेवा विकत घेतो आणि त्या सेवेचे शुल्क हे कंपनीचे उत्पन्न. शब्दांचा हा खेळ समजून घ्यायला हवा. भागीदाराला नफ्यात वाटा मिळतो, नोकराला पगार मिळतो, ग्राहकाला पावती मिळते. जेव्हा जे द्यावे लागणार नाही, तेव्हा चालकाला ते नाव देता येते.

तिसरी गोष्ट जोखमींच्या यादीत आहे. आर्थिक कामगिरी सुधारण्यासाठी चालकांना दिली जाणारी प्रोत्साहनरक्कम आम्ही कमी करत नेऊ तसतशी चालकांमधली नाराजी साधारणपणे वाढेल, अशी आमची अपेक्षा आहे, अशा आशयाचे वाक्य तिथे आहे. नाराजी हा अपघात नव्हता, तो ताळेबंदात आधीच धरलेला होता.

२०१८ या एका वर्षात कंपनीचा कामकाजातला तोटा सुमारे ३०० कोटी डॉलर होता. त्याआधी जून २०१६ मध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने ३५० कोटी डॉलर घातले होते. या आकड्यांसमोर ठेवून पाहिले की पुण्यातल्या स्वस्त भाड्यांचे रहस्य उलगडते. त्या काळात ॲपची वातानुकूलित गाडी रिक्षापेक्षा स्वस्त पडायची आणि चालकही खूश असायचा. प्रवासी कमी देतो, चालकाला जास्त मिळते, तर मधले अंतर कोणीतरी भरून काढत असणार. ते रियाध आणि टोकियोतून येत होते. पीएमपीची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६०:४० या प्रमाणात भरतात, त्यावर दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी रणे माजतात आणि ती माजलीही पाहिजेत. ॲपच्या भाड्यातल्या या परदेशी अनुदानावर मात्र कुठल्याच सभागृहात चर्चा झाली नाही. आपण त्याला कार्यक्षमता म्हणत राहिलो.

पुणेकरांची संमती

इथे एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. ॲपला पुण्यात पाय रोवायला परदेशी पैसा पुरेसा नव्हता. जमीन आधीच नांगरलेली होती आणि ती रिक्षाच्या धंद्यानेच नांगरली होती. जवळचे भाडे नाकारणे, स्टेशनवरून मनाला येईल तो आकडा सांगणे, शहरातल्या शहरात ‘हाफ रिटर्न’ मागणे, रात्री एकट्या बाईशी हुज्जत घालणे, हे सगळे पुण्यात सर्रास होते. प्रामाणिक रिक्षावाले होते आणि आहेत, पण प्रवाशाला कोण भेटेल हे नशिबावर होते. तक्रार करायला परिवहन कार्यालयात कोण जाणार? ॲपवर चालकाचे नाव, गाडीचा क्रमांक, मार्गाचा नकाशा मिळू लागला. घासाघीस संपली. हिंजवडीतून उशिरा सुटणाऱ्या तरुणीच्या दृष्टीने ही लहान सोय नव्हती.

पण मीटर मोडला कोणी, या प्रश्नाचे उत्तर म्हणून मीटरच दुसऱ्याला देऊन टाकायचा का? परिवहन कार्यालयाकडून तपासणी कडक करून घेणे, तक्रारीची सोपी व्यवस्था मागणे, रिक्षाथांबे आणि बसफेऱ्या वाढवून घेणे हा लांबचा रस्ता होता. आपल्याकडे मोबाइल होता. मध्यमवर्गाची ही सवय फक्त रिक्षापुरती नाही. पालिकेची शाळा, पालिकेचा दवाखाना, नळाचे पाणी, प्रत्येक बाबतीत आपण आधी बाहेर पडलो आणि नंतर ती व्यवस्था खालावल्याची खंत करत बसलो.

तक्रारीच्या सोयीचे पुढे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. ॲपवर तक्रार नीट नोंदवताच येत नाही, अशा एका प्रवासी महिलेच्या अनुभवातून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका उभी राहिली. ७ मार्च २०२२ च्या आदेशात न्यायालयाने कंपन्यांना परवान्यासाठी १६ मार्चपर्यंत अर्ज करायला सांगितले. म्हणजे सेवा सुरू होऊन आठ वर्षे झाली तरी परवान्याचा अर्जच बाकी होता. रिक्षावाल्याचे परमिट, बॅज, पासिंग, विमा यांपैकी एखादा कागद एक दिवस मागे पडला तर चौकात पावती फाटते.

पुण्यातला उलटा प्रवास

चालकांच्या बाजूने या वर्षांची कहाणी अशी दिसते. सुरुवातीच्या इन्सेंटिव्हच्या काळात अनेकांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या आणि ‘कंपनीला गाडी लावली’. दिवसाच्या ठरावीक ट्रिपा पुऱ्या केल्या की वर घसघशीत रक्कम मिळे. मग टार्गेट वाढत गेले, रक्कम घटत गेली, गाड्यांची गर्दी झाली. बँकेचा हप्ता मात्र घटला नाही. १९ मार्च २०१८ रोजी मुंबई, दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद यांच्या बरोबरीने पुण्यातही ॲपच्या चालकांनी संप केला. माहितीपत्रकातले ते वाक्य लिहिले जाण्याच्या वर्षभर आधी पुण्यात ते घडून गेले होते.

रिक्षाची गोष्ट थोडी निराळी. उबरने २०१५ साली दिल्लीत रिक्षासेवेचा प्रयोग करून तो गुंडाळला होता. जानेवारी २०१८ मध्ये तो पुन्हा सुरू केला तो बंगळुरू आणि पुण्यात. अकुर्डीच्या कारखान्यातून एके काळी देशभर रिक्षा पाठवणाऱ्या शहरात कॅलिफोर्नियाची कंपनी रिक्षा शिकायला आली, असे म्हणता येईल. रोख पैसे घेण्याची पद्धतही तिने २०१५ साली हैदराबादेतच पहिल्यांदा अवलंबली. जागतिक विस्तारात भारत हा केवळ बाजार नव्हता, शाळाही होता. याच सुमारास, २०१७ साली, राज्य सरकारने रिक्षा परवान्यांच्या संख्येवरची मर्यादा उठवली. पुण्यात रिक्षा वाढल्या, धंदा वाटला गेला आणि स्टँडवर ताटकळण्यापेक्षा ॲप लावणे अनेकांना भाग पडले.

त्यानंतरचा संघर्ष दुचाकी टॅक्सीवरून पेटला. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात रिक्षा बंद राहिल्या. ‘बघतोय रिक्षावाला’ ही संघटना त्यात पुढे होती. डिसेंबरमध्ये पुण्याच्या प्राधिकरणाने रॅपिडोचा परवाना अर्ज फेटाळला, जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तिला राज्यातली सेवा थांबवायला लावले आणि फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा नाकारला. मग मोटारींची पाळी आली. प्राधिकरणाने वातानुकूलित कॅबसाठी पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला २५ रुपये असा दर ठरवला. जानेवारी २०२४ पासून तो लागू व्हायचा होता. दहा किलोमीटरचे सुमारे २५० रुपये. ॲपवर तो दिसेना. फेब्रुवारीत चालकांनी बंद पाळला. मार्च २०२४ मध्ये प्राधिकरणाने ओला आणि उबर यांचे चारचाकींसाठीचे परवाना अर्ज फेटाळले. अपिलाचा मार्ग खुला होता आणि मोबाइलवरची सेवा चालूच राहिली.

याची परिणती २०२५ च्या मे महिन्यात दिसली. ‘इंडियन गिग वर्कर्स फ्रंट’च्या पुढाकाराने पुण्यातल्या चालकांनी ‘ओन्लीमीटर’ नावाचे संकेतस्थळ वापरायला सुरुवात केली. गिऱ्हाईक ॲपवरून घ्यायचे, अंतर नोंदवायचे आणि भाडे मात्र प्राधिकरणाच्या दराने मागायचे. या घटनेचे वार्तांकन बहुतेक ठिकाणी ‘कॅबचालकांची मनमानी’ अशा सुरात झाले. प्रवाशाचा राग समजण्यासारखा आहे. मोबाइलवर एक आकडा दाखवून गाडीत बसवायचे आणि उतरताना दुसरा मागायचा, हे कोणालाही फसवणुकीसारखेच वाटणार. दोन भावांच्या कात्रीत तो सापडतो आणि त्याचा काही दोष नसतो. तरीही या घटनेतला विरोधाभास नजरेआड करू नये. ज्या पुण्यात वर्षानुवर्षे प्रवासी ‘मीटरने चला’ म्हणत होते आणि चालक नाही म्हणत होते, त्याच पुण्यात आता चालक ‘मीटरने द्या’ म्हणतो आहे आणि प्रवासी नाही म्हणतो आहे. सरकारमान्य दर मागणारा माणूस लुटारू ठरतो, इतका खासगी मीटर आपल्या मनात मुरला आहे.

कंपनीने मात्र तोवर आणखी एक पाऊल टाकले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये उबरने रिक्षांसाठी कमिशन घेणे बंद करून चालकांकडून ॲप वापरण्याचे शुल्क घ्यायला सुरुवात केली. पैसे प्रवाशाने थेट चालकाला द्यायचे, ॲपवरचा आकडा केवळ सूचक. याला चालकाची मुक्ती म्हणता येईल आणि कमिशन गेले हे चांगलेच झाले. पण माझ्या वाचनाप्रमाणे यात दुसरेही काही आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरचे चालक हे ‘वर्कर’ आहेत असा निकाल दिला, तेव्हा पहिले कारण दिले ते हे की भाडे कंपनी ठरवते. भाव ठरवणे म्हणजे मालक असणे. मग मालकीची जबाबदारी नको असेल तर भाव ‘सूचक’ करणे हा सोपा मार्ग आहे. चालक पुन्हा ग्राहक झाला, माहितीपत्रकात होता तसाच. आणि गिऱ्हाईक कोणाकडे आधी पाठवायचे हे ठरवणारे यंत्र अजूनही कंपनीच्याच हाती आहे.

१९६९ चा धडा

चालक नोकर की स्वतंत्र व्यावसायिक, या प्रश्नावर जगभर भांडणे झाली. लंडनच्या निकालानंतर ब्रिटनमधल्या सुमारे ७०,००० चालकांना किमान वेतन आणि पगारी रजा लागू झाली. कॅलिफोर्नियात २०१९ साली चालकांना नोकरांचे हक्क देऊ पाहणारा कायदा झाला, तर पुढच्याच वर्षी कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून अधिक खर्च करून जनमतातून स्वतःची सुटका करून घेतली. या सगळ्या वादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: कामगाराला संरक्षण हवे तर त्याचा एक मालक सिद्ध झाला पाहिजे.

महाराष्ट्राने हे गृहीतक १९६९ सालीच बाजूला ठेवले होते. बाजारातल्या हमालाला एक मालक नसतो. सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या ट्रकवर. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या माथाडींच्या लढ्यातून जो माथाडी कायदा झाला, त्याने मालक शोधण्याचा खटाटोप केला नाही. सरकार, मालक आणि कामगार यांचे त्रिपक्षीय मंडळ उभे केले. कामगार मंडळाकडे नोंदलेला, व्यापारीही नोंदलेला. कामाचे पैसे मंडळाकडे जमा करायचे आणि त्यावर ठरावीक टक्के लेव्ही द्यायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, दवापाणी. गाळा बदलला तरी कामगाराचे खाते तेच. पुण्यात हे तत्त्व अपरिचित नाही. हमाल पंचायत आणि रिक्षा पंचायत या दोन्ही संघटना बाबा आढाव यांच्याच नेतृत्वाखाली उभ्या राहिल्या. मार्केट यार्डातला हमाल आणि चौकातला रिक्षावाला हे एकाच प्रश्नाची दोन रूपे आहेत, हे या शहराने कधीच ओळखले होते.

माथाडी कायद्यातही दोष शिरले. बोगस माथाडींच्या आणि खंडणीच्या तक्रारी उद्योजक करतात आणि त्या सगळ्याच खोट्या नाहीत. पण ॲपच्या बाबतीत अंमलबजावणी उलट सोपी आहे. हमालाने किती पोती उचलली हे लपवता येते, ॲपवरची प्रत्येक ट्रिप मात्र नोंदलेलीच असते. राजस्थानने २०२३ साली गिग कामगारांसाठी कायदा केला तो याच धर्तीवर: कल्याण मंडळ, कामगारांची नोंद आणि प्रत्येक व्यवहारावर अधिभार. त्यासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांनी माथाडी मंडळांचा दाखला दिला होता. केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी अशी तरतूद आहे. कल्पना महाराष्ट्राची, कायदा जयपूरचा.

महाराष्ट्राने २० मे २०२५ रोजी आपले ॲप आधारित वाहनांचे धोरण जाहीर केले. सरकारी मराठीत अशा कंपनीला ‘समुच्चयक’ म्हणतात. वाढीव भाडे मूळ दराच्या दीडपटीपुरते मर्यादित ठेवायचे आणि भाड्याचा किमान ८० टक्के वाटा चालकाला द्यायचा, अशा अटी त्यात आहेत. त्या स्वागतार्ह आहेत. पण ८० टक्के कशाच्या, हे तपासायला प्रवाशाने किती दिले आणि चालकाला किती मिळाले हे दोन्ही आकडे एका जागी दिसले पाहिजेत. तसे ते आज दिसत नाहीत.

म्हणून मला तीन मागण्या कराव्याशा वाटतात. प्रत्येक ट्रिपच्या पावतीवर प्रवाशाने दिलेली रक्कम, चालकाला मिळालेली रक्कम आणि कंपनीने ठेवलेली रक्कम ही तिन्ही छापली जावीत, आणि ती पावती दोघांनाही सारखीच मिळावी. भाडे ठरवण्याचे सूत्र प्राधिकरणाकडे दाखल असावे आणि त्याची मीटरसारखी वेळोवेळी तपासणी व्हावी. आणि प्रत्येक ट्रिपमागे लेव्ही घेणारे, माथाडी मंडळाच्या धर्तीचे मंडळ पुणे जिल्ह्यापासून सुरू करावे. यांतल्या एकाही मागणीने ॲप बंद पडत नाही. रात्री अकराला गाडी मिळण्याची सोय तशीच राहते.

कंपनीला २०२३ साली पहिल्यांदा वार्षिक कामकाजात नफा झाला. अनुदानाचे दिवस संपल्याची ती खूण आहे. यापुढे जो पैसा मिळवला जाईल तो पुण्यातल्या प्रवाशाच्या आणि चालकाच्या खिशातूनच येईल. तेव्हा त्या दोघांनी एकमेकांशी गाडीच्या काचेतून भांडत राहायचे की दोघांच्या मधोमध पुन्हा एक मीटर मागायचा, हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर सॅन फ्रान्सिस्कोतून येणार नाही. प्राधिकरणाच्या पुढच्या बैठकीला चालकांच्या संघटना जातील, कंपन्यांचे वकील जातील. प्रवाशांच्या बाजूने कोण जाणार, हे मात्र अजून ठरलेले नाही.